टाकी भरलेली होती

पहाटे साडेचार. तांडापेठेत डिसेंबर.
शेगडीचा पंखा घरघरतो, मोटर फिरते,
आणि भांड्यात जाळ नाही.
सत्तावीस डबे. आठला पहिला मुलगा येईल,
मेडिकलच्या होस्टेलचा, पिशवी घेऊन.

झाकण उघडलं तर टाकी काठोकाठ.
पऱ्हाटीच्या कांड्या, बोटाच्या पेराएवढ्या,
काल संध्याकाळीच अख्खं पोतं ओतलं होतं मी.
मग खाली का पोचत नाहीत?

इर्शादला फोन लावला. तो कामठीत, बहिणीच्या लग्नात.
झोपेतच बोलला: काकू, स्क्रू बघा,
नाहीतर राख बघा,
नाहीतर मी दुपारी येतो.

राख बघितली. भांड्याच्या भोकांत बसलेला खडा
उलथन्याच्या टोकाने उचकला, काचेसारखा निघाला.
नळीवर पळीने ठोकलं.
एक शिवीही दिली, ती इथे लिहीत नाही.

तेव्हा हे उठले.
माग विकल्यापासून हे उशिरा उठतात.
शेगडी आहे तिथेच मागाचा खड्डा होता,
यांचे पाय त्यात तेहतीस वर्षं.
तो आम्ही विटांच्या चुऱ्याने बुजवला,
वर शहाबादी टाकली, त्यावर ही आली, हप्त्याने.
हिच्याजवळ हे कधी येत नाहीत.
जेवायलाही दुसऱ्या खोलीत बसतात.

"बंद नोको करू," म्हणाले. "ऐकू दे."
भिंतीला तळवा टेकवून उभे राहिले,
कुठला धागा तुटणार
ते तुटायच्या आधी ऐकायचे, तसे.
"रिकामी फिरून राहिली ना वं हे.
धोटा जाऊन राहिला, कांडीत सूत नाही."
"टाकी भरलेली आहे," मी म्हटलं.
"वरून."

प्लग त्यांनीच काढला.
बनियनला बाही नव्हती, तरी वर सारल्यासारखं केलं
आणि हात घातला कोपरापर्यंत.
कांड्यांनी एकमेकींना धरून कमान केली होती,
दमट, फुगलेल्या, अंगाला अंग चिकटून,
आणि कमानीखाली काहीच नाही,
नुसता स्क्रू, हवा वळत बसलेला.

पोतं मी मोरीजवळ ठेवलं होतं.
हे मी सांगितलं नाही.

एक धक्का. कमान बसली,
परातीत तांदूळ ओतावेत तसा आवाज.
तळाचा भुसा त्यांनी मुठीमुठीने काढला,
चिमटीत चोळून पाहिला,
जणू सुताला खळ नीट लागली की नाही.
"अर्धीच भरत जाय. अन् रोज हात फिरव."

कापराची वडी टाकली. पाच वाजून दहा.
एक कांडी पडली. बऱ्याच वेळाने दुसरी.
धुराने सगळं घर खोकलं, आणि मग जाळ.

त्यांच्या दंडाला करडा भुसा तसाच होता.
शेगडीच्या कडेला बसले, फरशीवर,
पाय खाली सोडायला गेले
आणि टाचा दगडाला लागल्या.
काही बोलले नाहीत. मांडी घातली.
"चहा टाक," म्हणाले.
वांगी चिरायची होती, वेळ नव्हता.
टाकला.