कडता

उदगीरच्या मोंढ्यात अप्पांनी चाळीस वर्षं
दुसऱ्यांची तूर मापली.
पोत्यात परखी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर,
एक दाताखाली,
आणि सांगायचं : ओल हाय, शेकडा दोन कडता.
माल आणणारा कुरकुरायचा, आडत्याही कुरकुरायचा,
म्हणजे माप बरोबर, असं ते म्हणत.

चंद्राचं माप त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
एका जुन्या पट्टीच्या पाठीवर, कार्बनच्या निळ्या डागांतून
अजून वाचता येतं :
कोजागिरी. पंचांगाप्रमाणे ग्रहणमध्य सायंकाळी ५-३३.
किल्ल्याच्या बुरुजावर गेलो. सोबत मुलगी.
चंद्र उगवला तो जवळजवळ सुटूनच.
धूळ. काही दिसलं नाही.

ती मुलगी मी. मला आठवतात
बुरुजावर सांडलेली शेंगांची टरफलं
आणि अप्पांचा चेहरा,
दारात आलेली गाडी न उतरवताच परत गेल्यासारखा.

त्याच पट्टीवर, खाली, बेरीज :
अठरा वर्षं, अकरा दिवस,
आणि आठ तासांना सतरा मिनिटं कमी.
हा हिशेब खाजामियाँचा. पोती शिवता शिवता सांगायचे,
वडिलांच्या शाळेत एक मास्तर होते, ते म्हणायचे,
ग्रहण म्हणजे भल्या माणसाची उधारी,
जाताना वायदा सांगून जातं.
उत्तर आलं, रात्री एक वाजून सोळा मिनिटं.
पट्टी विजेच्या बिलांच्या पिशवीत गेली.

मधे मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आला.
अप्पांचा मोतीबिंदू निघाला, खाजामियाँचा एक कान गेला.
माझं लग्न झालं, मोडलं,
त्याची बेरीज कुणी मांडली नव्हती.
अकरा दिवस मात्र चुकले नाहीत.

पुन्हा कोजागिरीच. गल्लीत दुपारी चारपासून सूतक.
दूध आटवायचं की नाही, बायकांचं एकमत होईना,
शेवटी तुळशीचं पान टाकून पातेली झाकली.
अप्पा म्हणाले, गळ्यात लिंग असल्यावर
कसलं आलंय सूतक, आण इकडं वाटी.
गच्चीवर सतरंजी. खाजामियाँ आले
चावीचं घड्याळ रेडिओवर मिळवून घेऊन.

एक वाजला. चंद्र माथ्यावरून पश्चिमेला कललेला,
शेजारी गुरू, ठसठशीत.
काय दिसलालंय?
काही नाही अप्पा.
एक दहा. खालच्या कडेला, डावीकडं,
ओल्या बोटानं पाटीवरचं पुसावं तसं.
एक सोळाला अप्पांनी हात झटकले,
काटा ठरल्यावर झटकायचे तसे :
झालं. एवढंच होतं.

पण चंद्राचं झालं नव्हतं.
ते काळपट आणखी आत सरकत राहिलं,
एक पंचवीस, एक पस्तीस,
खाजामियाँ न बोलता घड्याळ पुढं धरायचे.
एक चव्वेचाळीसला ते थबकलं.

अप्पा बराच वेळ गप्प.
मला वाटलं, हिरमुसले.
अठरा वर्षांत अठ्ठावीस मिनिटं,
कोण भांडायला येणार होतं?
मग दूध संपवून त्यांनी हात लांब केला,
अंगठा चंद्राला लावला, एक डोळा मिटला,
आणि मोंढ्यातल्या आवाजात, पलीकडच्या आडतीला ऐकू जाईल असं :
शेकडा बारा!
जरा थांबून, हळू,
आन् माझा कडता, अठ्ठावीस मिनिटं.

दोन बावीसला खालून कुणीतरी विचारलं,
सुटलं का हो?
सुटलं, मी म्हणाले. पातेल्यांची झाकणं वाजली.

आणि पुढचं? अप्पांनी बोटं मोडली,
या वेळची चूकही धरली त्यात.
सकाळी दहाच्या आसपास. लख्ख उजेडात.
चंद्र तेव्हा आपल्या पायाखाली, जमिनीच्या पल्याड.
म्हणजे दिसणार नाही.
आपल्याला नाही.

खाजामियाँनी चांगला कान पुढं केला : किती वाजता म्हणालास?
दहा! अप्पा ओरडले.
दहा, खाजामियाँ म्हणाले,
आणि घड्याळाला चावी देऊ लागले.