दोन सुया

बिर्लानगरच्या मिलमध्ये बाबांनी
बावीस वर्षं माग चालवले.
कुणी हसलं नाही.

मिल बंद पडली. आता दोन सुया,
राखाडी लोकरीचा गुंडा,
आणि दार आतून लावलेलं.
बेल वाजली
की अर्धी बाही उशीखाली.

मी त्यांची स्कूटर काढून
लष्करच्या बाजारात जाते,
त्यांचाच जुना कोट अंगात.
नेवासकरकाका फाटकातून ओरडतात,
पोरगाच आहे हो तुमचा!
बाबाही हसतात, खूश होऊन.

काल ग्वाल्हेर गारठलं होतं.
काकांनी बाबांची बाही चिमटीत धरली,
झकास. कुणी विणला?

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

मी, म्हटलं.

मला अजून टाकेसुद्धा घालता येत नाहीत.