भिंत संपते तिथे

त्रिएस्तेच्या किनाऱ्यावर एक पांढरी भिंत आहे,
गोट्यांमधून निघून थेट समुद्रात उतरलेली.
अलीकडे बायका, पलीकडे पुरुष.
कुणी घातली, कशासाठी, कुणालाच नीट सांगता येत नाही;
पाडू म्हटलं की मात्र आधी बायकाच ओरडतात.
एक युरो टाकायचा, आपापल्या बाजूला जायचं.

नेव्हियो, माझा भाऊ, बंदरात क्रेन चालवतो.
मी इस्पितळात.
जेवताना हा विषय काढायचा नाही, वहिनीनं बजावलंय,
सुपाचं भांडं फुटलं त्या रविवारपासून.
म्हणून आम्ही भांडायला समुद्रात येतो.

खोल पाण्यात भिंत संपते.
तो त्याच्या बाजूनं पोहत येतो, मी माझ्या,
आणि शेवटच्या दगडाशी, हनुवटीपर्यंत बुडून,
पाय मारत, विचारतो एकमेकांना:
काय मिळालं एवढं सगळं करून?

तो म्हणतो, अकरा आठवडे पगार नाही.
वीस वर्षं त्या फाटकातून आत जात होतो.
पहारेकरी लिव्हियो माझ्या लग्नात नाचला होता,
त्यानं मोबाइलवरची हिरवी खूण मागितली
आणि नजर माझ्या बुटांवर ठेवली.
ऑक्टोबरच्या गारठ्यात आमच्यावर पाण्याचे फवारे मारले,
आणि तू तेव्हा टोचत होतीस.

हो, टोचत होते. दिवसाला दीडशे दंड.
त्याआधीच्या हिवाळ्यात जे टोचायला उरलेच नाहीत
त्यांची नावं मी पिशव्यांवर लिहिली, काळ्या मार्करनं.
तू आकडे मागतोस. आकडा माझ्याकडे नाही, अक्षर आहे.
शेवटी शेवटी ते फार बिघडलं होतं.

तो म्हणतो, लस घेतलेलेही पडलेच की आजारी.
पडले. उठलेही.
सगळे नाही.
सगळे नाही.
एक लाट येते, खारं पाणी दोघांच्याही तोंडात.

कबूल करते, बागेतल्या बाकांना फिती का बांधल्या होत्या
मला आजही कळलेलं नाही.
म्हातारा कोसुत्ता एकटाच धक्क्यावर फिरत होता
तर त्याला पावती फाडली,
जवळपास मासासुद्धा नव्हता.
नेव्हियोनंही कबूल केलं एकदा,
माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघून,
सासऱ्याला लस द्यायला तोच घेऊन गेला होता
संध्याकाळी उशिरा, बंदरातलं कुणी बघू नये म्हणून.

पण हा सगळा वरचा फेस.
खाली एकच वाक्य आहे, दम लागला की तो ते काढतो:
तू आत होतीस.

होते. आई डिसेंबरात गेली,
लस यायच्या पंधरा दिवस आधी.
माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं म्हणून मी आत.
हातमोज्यांवर हातमोजे चढवून तिचा हात धरला,
ऊब पोचली का, सांगता येणार नाही.
त्याला नियमानं गाडीतळावर उभं केलं.
जणू विषाणू ओळखपत्र वाचतो.

चौथा मजला, डावीकडून सहावी खिडकी,
मीच फोनवर सांगितलं होतं त्याला.
नऊ दिवस तो आला, कामावरचं नारिंगी जाकीट घालून,
आईला उठून दिसावा म्हणून,
आणि हात हलवत राहिला.

मी आतून मोजलं होतं. आतलं डावं.
हे माझ्या लक्षात आलं ती गेल्यानंतर, मार्चमध्ये,
सायकल लावताना सहज वर पाहिलं तेव्हा.

त्याला सांगितलेलं नाही.
कसं सांगू? तो शपथेवर सांगतो,
सातव्या दिवशी त्या खिडकीतून
कुणीतरी हात वर केला होता.

ओठ निळे पडायला लागतात.
दिसलो ना गं मी तिला, तो विचारतो.
दिसलास, मी म्हणते,
आणि वळते बायकांच्या बाजूला.
भिंतीपलीकडून त्याचे हात ऐकू येतात,
पाणी कापत, किनाऱ्यापर्यंत.