थेंब गळत नाही

गाडी देताना मगदूम सर म्हणाले,
बारा वर्षं झाली, अजून थेंब गळत नाही.
बॉनेटवर बदामाचं एक पान पडलं होतं,
ते उचलून त्यांनी खिशात ठेवलं.

महिन्यात लाल दिवा लागला,
बावड्याच्या वळणावर, एकदाच, आणि विझला.
काडी ओढली. पुसली. बुडवली. पुन्हा ओढली.
टोकाला नुसता ओलसर वास.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला,
गुळाच्या खोक्याचा, कोरी बाजू वर.
सकाळी त्यावर मांजराची पावलं
आणि गळीत हंगामाची काळी राख,
जी इथे सगळ्यांच्याच दोरीवर पडते,
चादरींवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर.
तेलाचा डाग नाही.

मग गेलं कुठं?

सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं.
मी राजारामपुरीत लॅबमध्ये असते,
दिवसभर काचपट्टीवर लोकांचं रक्त पसरते.
हाताला काही लागलं की
लगेच पुसायचं नसतं, आधी बघायचं.
कारखान्याची राख फुंकली की उडते.
ही उडेना.
चोळली तर चमकली,
काजळात तूप कालवल्यासारखी.

उद्यमनगरात दस्तगीरभाईंनी
आधी माझं बोट बघितलं, गाडी नंतर.
"कोरडं काळं असतं
तर पेट्रोल जादा खातीय म्हटलं असतं.
हे वलं हाय. तेल जळतंय, ताई.
गळालं तर भुईवर दिसतं.
जळालं तर मागच्या गाडीवाल्याला इचारायचं."
शेजारच्या लेथवर लोखंडाची साल निघत होती,
लांबच लांब, न तुटता.

प्लग काढले. तीन बदामी,
चौथ्यावर करपलेल्या दुधाची खरड.
त्याच भोकावर घड्याळ लावून दाब मोजला,
मग आत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला.
काटा होता तिथंच.
"रिंगा ठणठणीत हायत."
तरी पन्हाळ्यापर्यंत नेलीच गाडी.
घाट उतरताना म्हणाले, पाय उचला, इंजिनावर उतरू दे.
वाघबिळाच्या खाली सपाटी लागली:
"आता दाबा."
आरशात निळं फडकं,
कुणी एकदाच झटकावं तसं.

"वालचं सील. रबर ते.
वय झालं की रबर कडक हुतं,
वरनं आलेलं तेल आडवायचं इसरतं."

परतल्यावर विम्याचे कागद शोधताना
कप्प्यात तळाशी चाळीस पानी वही.
सरांचं अक्षर, फळ्यावर लिहितात तसं, रेघ न सोडता.
तारीख. किलोमीटर. पाव लिटर.
तारीख. किलोमीटर. पाव लिटर.
मग अर्धा.
एका पानावर आकड्यांच्या मध्येच:
मिरज, चौथी खेप. हिला उलट्या. तेल बघायचे राहिले.
पुढे मिरज नाही.
पाव लिटरही बरेच दिवस नाही.

थेंब गळत नाही.
शब्द न् शब्द खरा होता.
मला तर कुणी विचारलंच नव्हतं
की जळतं का. मीही विचारलं नव्हतं.

फोन लावला. दोन वाक्यं जुळवून ठेवली होती,
दुसरं जरा लागेल असं.
पलीकडे आधी खोकला. मग
"किती पिते आता?"
हजाराला पाऊण लिटर, मी म्हणाले.
"वाढलं म्हणायचं." थोडं थांबून,
"पहाटे सुरू करताना धूर?"
हो. चिमूटभर. मग जातो.
"हं. तेव्हाही जायचा."
जुळवलेली वाक्यं तोंडातच राहिली.

डिकीत आता लिटरचा डबा असतो,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.
सील पुढच्या पगारात.
काल पाऊण लिटर ओतलं
आणि सरांच्या शेवटच्या ओळीखाली
तारीख घालायला वही उघडली.
पेन चालेना. झटकलं.
तोवर पानावर माझा अंगठा उमटला होता,
रेघा मोजता येतील इतका स्वच्छ, काळा.