जोडी

खुबे निवडताना आई एकेक आपटून ऐकायची.
जिवंत खुबा खडखडीत वाजतो,
चिखलाचा बद्द.
आणि तसा एकच पुरतो
सगळं सुकं नासवायला.

म्हापशात, बाजारामागच्या बोळात,
मी अजून तसेच निवडतो व्हॉल्व्ह.
पेन्सिलीच्या रबराने हलकी टिचकी.
इथे न्याय उलटा: जो वाजला तो बाद.

हळदोण्याच्या ओफेलियाबाईंनी आणला
बापाचा अ‍ॅम्प्लिफायर, बापाच्याच चादरीत बांधून.
बरोबर लिस्बनहून आलेला भाचा,
त्याच्या हातात नवाकोरा खोका:
दोन केटी अठ्ठ्याऐंशी,
मोठ्या मानकुरादाएवढे, तितकेच ताठ.
"हे बसव. सॉकेट तेच आहे."

सॉकेट तेच आहे.
बसतात.
खुर्चीत काय, कोणीही बसतं.

मी चासी पालथी करून दाखवली.
हा बघ, अंगठ्याएवढा, हा ड्रायव्हर.
ह्या सर्किटात ह्याचा दम वीस व्होल्टांचा,
फार ओढलास तर पंचवीस.
तुझ्या त्या दोघांना ग्रिडवर हवेत पन्नास.
नाहीतर ते जागेच व्हायचे नाहीत,
नुसते तापत बसतील.
होडीने खनिजाची बार्ज ओढायची म्हणजे
दोर ताणलेला, बार्ज जागच्या जागी,
आणि वल्हं मारणाऱ्याच्या तोंडाला फेस.

"मग ड्रायव्हर बदल."
बदलतो. मग सप्लाय बदलायला हवा,
मग दोन्ही ट्रान्सफॉर्मर,
मग चासीला नवी भोकं.
शेवटी चादर तेवढी पापांची उरेल.

ओफेलियाबाई तोवर स्टुलावर गप्प होत्या.
म्हणाल्या, टेप आहे एक. कोयरची तालीम.
पापा मध्येच व्हायोलिन थांबवतात, खोकतात.
तेवढं ऐकू आलं की मला पुरे.

खोकल्याला किती वॅट लागतात
हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

मोरजीच्या एका रशियन बाईने
जुन्या बिलाच्या बदल्यात मला दिले होते
लोकरी मोज्यात गुंडाळलेले सहा व्हॉल्व्ह,
सिक्स व्ही सिक्सचे तिकडचे चुलत भाऊ.
रात्री एकेक लावून मिलिअँपिअर लिहीत गेलो:
एकतीस, अडतीस, चौतीस, सव्वीस,
एक वाजला, बाद,
आणि शेवटच्या मोज्यातून परत चौतीस.

पहिल्या खेपेला एकाची प्लेट
रातांब्यासारखी लाल होत गेली.
मी धावत स्विच ओढला.
दोष व्हॉल्व्हचा नव्हता:
मागचा कपॅसिटर गळत होता,
ग्रिडला जे उणं हवं
ते कोणीतरी गुपचूप भरून काढत होतं.
दहा रुपयांचा कपॅसिटर. बदलला.

शनिवारी दोघं आली.
बोळात मासेवालीची हाक, वर पंखा,
थोडी घरघर राहिलीच होती, मी बोललो नाही.
कोयर सुरू झाला, आल्तो जरा वर चढले,
कमान तारेवरून उचलली गेली,

आणि भाचा मान वळवून
दाराकडे बघायला लागला,
कोण खोकलं म्हणून.