ठिगळांची नावं

देवगड. बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
विस्राम कुबल पुण्याला गेला तेव्हा
भरती-ओहोटीच्या प्रोग्रामचं पॅकेज माझ्याकडे आलं,
सोबत एकतीस पॅच:
फिक्स, फिक्स-दोन, फिक्स-शेवटचा,
आणि त्यानंतरचा, फिक्स-खरंच-शेवटचा.

"रात्रभर खटखट, काय शिवतंस गो?"
खालून जयवंती विचारते, बर्फ फोडता फोडता.
ठिगळं, मी म्हणते.
तिला वाटतं गोधडी.

एकेक उघडून वाचते.
हा तिथी सुधारतो. हा नुसता एक स्वल्पविराम.
सातवा आधी लावला तर चौथा बसत नाही,
म्हणून नावाआधी आकडे: दहा, वीस, तीस.
माडाची रोपं लावताना सोडतात तेवढी जागा,
मधे उद्या कुणी आलंच तर.
मग काय केलं, कशासाठी,
मूळ कर्त्यांना कळवलं की नाही.
तीन त्यांनी केव्हाच घेतले होते. ते पुसले.
या कामात पुसण्याएवढं सुख नाही.

राहिला एक. नाव: नको-काढू.
आत तीन ओळी. कारण नाही.
काढला. सगळं चाललं.
अवसेच्या रात्री मात्र
पडद्यावर ओहोटी
आणि बंदरात पाणी जेटीच्या वरच्या पायरीला.

विस्रामला फोन लावला.
"आठवत नाही," म्हणाला,
"पण तेव्हा घाबरलो होतो, एवढं खरं."

परत लावला. नाव दिलं:
नव्वद-अवस-कारण-अजून-माहीत-नाही.
खाली तारीख, माझं नाव, माझा नंबर;
शिव्या कुणाला घालायच्या
ते पुढच्याला शोधत बसायला नको.