उसाच्या ट्रॉलीमागं

पुण्याला रोलरवर बांधली तेव्हा
माझ्या जुन्या एस्टीमनं एकशे अठ्ठावन्न दाखवले.
त्या कागदाची घडी मी पाकिटात ठेवली,
लायसनच्याही पुढं,
आणि कुणी विचारायच्या आधीच काढून दाखवू लागलो.

कंपनीतून आली तेव्हा पंच्याऐंशी घोडे होते.
वरचे त्र्याहत्तर यासीन शिकलगारचे,
कुपवाडच्या मागल्या गाळ्यातले.
एक भंगारातला जपानी टर्बो,
आणि चार रात्री घासलेलं हेड.
यासीनचा चुलता मिरजेत तंबोरे लावतो.
हा तसाच मान कलती करून
बॉनेटवर तळवा ठेवतो,
म्हणतो, "खालच्या पट्टीत अजून बेसूर हाय."

पैसे मोजताना एकदाच बोलला होता,
"आधी ब्रेक कर. मग टायर.
उरलंच काय, तर इंजिन."
पण कॉलेज कॉर्नरला थांबून
ब्रेकचा आवाज कोण ऐकतं?

कुपवाड ते मिरज अकरा गतिरोधक,
त्यातले दोन कुणीतरी गेल्यावर घातलेले.
दुसरा गिअर संपायच्या आत म्हैस येते.
तिसरा पुरता उघडतो तो फक्त पुलावर,
नऊ सेकंद.
अडीच लाख, दोन क्लच प्लेटा, नऊ सेकंद.
बायको एवढंच म्हणाली,
"भडंग आणायला किती घोडे लागतात हो?"

मग जानेवारीतली ती रात्र. तासगाव रोड.
द्राक्षबागांवर धुकं, रस्ता रिकामा.
मी पाय दिला.
टर्बो क्षणभर गप्प,
पाहुण्यांनी नाव विचारल्यावर पोर गप्प होतं तसा,
आणि मग एकदम
पाठ सीटमध्ये रुतली.
काटा एकशे तीसच्या पुढं
आणि समोर अंधाराचा एक तुकडा
बाकीच्या अंधारापेक्षा काळा.

ट्रॉली. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही.

पंच्याऐंशी घोड्यांसाठी केलेले ब्रेक
एकशे अठ्ठावन्नांचे लगाम ओढत राहिले.
जळका वास. मग काहीच नाही.
वर बांधलेल्या वाढ्याचं एक पातं
माझ्या काचेवर खरखरत होतं.

ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नव्हता.
त्याचा स्पीकर जोरात, तो आपल्या चालीनं पुढं.
मला ओव्हरटेक करता आलं असतं.
केलं नाही. पाय थरथरत होते, हे एक.
आणि मागून अजून कुणी येईल, हे दुसरं.
ब्लिंकर लावले, पहिला गिअर टाकला
आणि अकरा किलोमीटर
त्याचा मागचा दिवा होऊन गेलो.

काट्यापाशी रांगेत तो उतरला,
बाहुबली मगदूम, कवठे एकंदचा.
"कोण रं तू? कवापास्नं मागं हाईस?"
सांगितलं. त्यानं तंबाखू मळली,
गाडीभोवती एक फेरी मारली.
"किती एचपीची?"
मी आकडा सांगितला. पाकीट काढलं नाही.
तो ट्रॅक्टरच्या चाकावर थाप मारून म्हणाला,
"ह्यो पन्नासाचा. सोळा टन वढतोय."
बढाई नव्हती ती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी यासीननं टर्बोचा स्क्रू सैल केला,
मी न सांगता चारही डिस्क काढून टेबलावर ठेवल्या.
"किती ठिऊ?"
"पेडल तळाला टेकेल एवढे."
तो हसला, कान लावून बसला.

किती राहिले, मोजलेले नाहीत.
बोगस वाटेल, पण परवा पुलावर
पाय खालपर्यंत गेला.
ट्रॉलीला लावायला लाल रेडियमची पट्टी
डिकीत ठेवलीय, दोन मीटर.
बाहुबली अजून भेटला नाही.